लाल टाक्याच्या टोप्या

२ जानेवारी

तेलवाल्याने गेल्या वर्षी दिलेली डायरी कोरीच पडून होती. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात. वार खोडायचे आणि वापरायची. हिशेबाची वही वेगळी आहे. तिच्यात मनातलं लिहायला गेलं की बेरीज चुकते.

आज विद्यापीठाचं काम आलं. पदवीदानाला लागणारे काळे झगे, खांद्यावरच्या रंगीत पट्ट्या आणि चौकोनी टोप्या सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्याच दुकानातून जातात. दुकान खाली, आम्ही वर. झगे हे स्वतः बेततात. टोप्या माझ्या आणि वन्संच्या गळ्यात. डोक्यावर बसतो त्या भागाला आम्ही कवटी म्हणतो, आणि कवटीवर चौकोनी पाट. पाटात पुठ्ठा, त्यावर काळं कापड, मधोमध बटण, बटणाला गोंडा. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असतात. जीभ फटकळ, टाका मात्र मुंगीच्या पावलाएवढा.

यंदा आमची लेकही पदवी घेणार. माहेरी-सासरी मिळून पहिलीच. मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबा एवढंच म्हणाले होते, "झालं ना आता? चल, भांडी आवर." लेक पास झाल्याचं कळलं तेव्हा मी देवापुढे बसून पोटभर रडून घेतलं. हे तिला "बॅरिस्टर" म्हणतात. कौतुकाने नाही.

५ जानेवारी

गेल्या वर्षीच्या टोप्यांची पेटी उघडली. उंदरांनी पुठ्ठे खाल्लेत. आम्ही पुठ्ठा पिठाच्या खळीने चिकटवतो, उंदरांना ती मेजवानीच. नुसती काळी कातडी उरावी तशा टोप्या उरल्यात.

ह्यांनी गज उचलला. गज म्हणजे कापड मोजायची लाकडी पट्टी, दोन्ही टोकांना पितळ. "घरात बसून करतेस काय? पेटी बघायला डोळे नाहीत?" एक दंडावर बसला, एक पाठीत. पुढचा घाव टेबलावर पडला कारण लेक मध्ये आली आणि तिने गज धरला.

"बाबा, सोडा."

"तू सोड. शिकलीस म्हणून बापाचा हात धरशील?"

"शिकले नसते तरी धरला असता."

मग तिच्या कानाखाली आवाज निघाला. ती हलली नाही. गजही सोडला नाही. शेवटी ह्यांनीच सोडला आणि खाली निघून गेले. वन्सं सुईत दोरा ओवत होत्या. म्हणाल्या, "बाप तसाच होता ह्याचा. फक्त त्याचा गज लोखंडी होता."

ह्यांच्यावर कामाचा ताण असतो, हे मला कळतं. सोसणाऱ्याला देव बघतो. पण लेकीच्या गालावर बोटं उमटली होती आणि मी दंडाला तेल चोळत असताना ती माझ्याकडे बघत होती, ते काही मला बघवेना.

८ जानेवारी

लेकीने उपाय काढला. "आई, पुठ्ठ्याऐवजी पत्रा घाल. तेलाचे रिकामे डबे कँटीनमधून मी आणते. पत्रा उंदीर खात नाही, ओल धरत नाही, वर्षानुवर्षं टिकेल."

मला आनंद झाला. माझं काटकसरीचं रक्त तिच्यात उतरलंय. पुस्तकं वाचून वाया गेलेली नाही. फुकटचा पत्रा, आणि तोही टिकाऊ!

तिने आणखी सांगितलं, की कवटीत कापसाचा जाड थर घालायचा, घाम शोषतो म्हणून. आणि हनुवटीखाली बांधायला फीत लावायची, वाऱ्याने उडू नये म्हणून. हे सगळं वसतिगृहातल्या मुलींच्याच टोप्यांना. बाकीच्यांना दुकानातला पुठ्ठा चालेल.

"त्यांनाच का गं?"

"त्यांचं डोकं नाजूक आहे," म्हणाली आणि हसली. तिचं हसू अलीकडे तोंडापुरतंच असतं.

वन्सं म्हणाल्या, "पत्र्याची टोपी! पाऊस आला तर पोरी वाजतील."

९ जानेवारी

वसतिगृहाचं लिहायला हवं, नाहीतर पुढे मलाच कळणार नाही. गेल्या वर्षी तिथलं छत पडलं आणि लेकीच्या वर्गातली एक मुलगी झोपेतच गेली. छत गळतंय, फुगलंय, असे अर्ज मुलींनी आधी केले होते म्हणे. चौकशी करा म्हणून सगळ्या कचेरीपुढे बसल्या, तर पोलिसांनी काठ्या चालवल्या. लेकीची मैत्रीण आहे, आम्ही तिला चष्मेवाली म्हणतो, तिच्या डोक्यात खोक पडली. केस काढून टाके घातले होते. तिथे अजून केस येत नाहीत, ती भांग वाकडा पाडते.

हे म्हणतात, "आपण पोशाख शिवणारे. आत कोण आहे ते बघायचं नाही, माप बघायचं." मलाही तेच बरं वाटतं. मेलेल्या मुलीसाठी मी रोज प्रार्थना करते. त्याहून जास्त आमच्यासारख्यांनी काय करायचं?

१५ जानेवारी

पत्रा कापायला हात बसला. डबा उभा चिरायचा, उलगडायचा, हातोडीने सपाट करायचा, मापाचा चौकोन काढायचा आणि कडा आत दुमडायच्या. न दुमडलेली कड विळीसारखी लागते. माझा अंगठा उघडला तेव्हा रक्त काळ्या कापडावर पडलं. काळ्यावर रक्त दिसत नाही, नुसतं ओलं दिसतं. गार पाणी आणि मीठ लावून काढलं.

ज्या टोपीत पत्रा आहे तिच्या कवटीत आतून एक लाल टाका घालायचा. नेताना कळायला हवं ना, कुठल्या टोप्या वसतिगृहाच्या ते. हेही लेकीनेच सुचवलं.

हे दुपारी वर आले. एक टोपी उचलून तोलली. "जड का?"

पत्र्याचं ह्यांना विचारलं नव्हतं. लेकीचं नाव घेतलं असतं तर तिला मारलं असतं. म्हणून म्हटलं, "मीच घातलाय पत्रा. उंदीर."

गज खालीच होता. हातानेच भागवलं. ओठ फुटला. पण नंतर जिन्यात थांबून म्हणाले, "पुठ्ठ्याचे पैसे वाचले म्हणायचे. सांगायचंस तरी आधी." म्हणजे पसंत पडलं! राग लवकर जातो ह्यांचा.

लेकीने माझा ओठ पाहिला. "तू माझं नाव का नाही घेतलंस?" मी म्हटलं, आई झालीस की कळेल. ती म्हणाली, "आई, तुझ्या डोक्यावर कुणी टोपी घालायची गं?" मला तिची असली कोडी कळत नाहीत.

२१ जानेवारी

आज लेकीची टोपी करायला घेतली. आणि देवानेच सुचवलं असं वाटतं. हातात पत्र्याचा चौकोन घेतला, त्यावर डब्याचा अर्धा छाप होता, तेलाच्या घागरीचं चित्र. मनात आलं, पोरगी घराण्यात पहिली पदवी घेणार आणि तिच्या डोक्यावर खरकट्या डब्याचा पत्रा? छे! आयुष्यभर काटकसर केली. हिच्यासाठी तरी हात सैल सोडू दे.

बाजारात जाऊन कोरा, पांढरा, जाड पुठ्ठा आणला. पाटावर मखमल लावली, माझ्या पहिल्या संक्रांतीच्या चोळीची, काळी. गोंडा रेशमाचा वळला. कवटीत कापसाचे जाड थर घातले नाहीत. पोरीच्या डोक्याचा घाट सुंदर आहे, उगाच गाठोडं कशाला? फीत मात्र लावली. तिच्या मैत्रिणींबरोबर तिची टोपी जावी म्हणून आत लाल टाकाही घातला.

तिला सांगितलं नाही. त्या दिवशी घालील तेव्हा कळेल.

२८ जानेवारी

सकाळी दुकानाच्या काचेवर दगड आला. मागोमाग दुसरा. विद्यापीठाचं काम करतो म्हणून पोरांचा राग असणार. काचेत ठेवलेल्या कुलगुरूंच्या तांबड्या झग्यावर काचांचा सडा. हे बाहेर धावले आणि हातात सापडेल त्या पोराला बुकलून काढलं. तो विद्यार्थी तरी होता की नाही देव जाणे. त्याच्या नाकातून रक्त येत होतं आणि तो "मी दूध न्यायला आलोय" एवढंच म्हणत होता. दुधाची किटली रस्त्यात आडवी झालेली मला वरून दिसत होती. मी ओरडून सांगितलं, पण ह्यांना ऐकू गेलं नाही.

रात्री सगळे जेवायला बसलो. लेक म्हणाली, "बाबा, त्याची काय चूक होती?"

"चुकीचं काय विचारतेस? तिथे होता ना तो!"

"पोलिसही हेच म्हणाले होते."

ताट भिंतीवर गेलं. मी भिंत पुसली.

३ फेब्रुवारी

पोशाखसाहेब आले होते. विद्यापीठात पोशाखाचं खातं त्यांच्याकडे असतं, म्हणून आम्ही त्यांना तसं म्हणतो. साधा, थकलेला माणूस. नमुना मागितला तेव्हा मी लेकीची टोपी पुढे केली. आईचं मन, दाखवल्याशिवाय राहवेना.

"वा! ही कुणाची?"

"माझ्या लेकीची."

त्यांनी टोपी खाली ठेवली. मग हे गिऱ्हाइकाशी बोलतायत हे बघून हळूच म्हणाले, "बाई, तिला सांगा, पुढच्या रांगेत बसू नको. मागे बस म्हणावं. दाराजवळ."

मला राग आला. बड्यांच्या मुलींसाठी पुढच्या खुर्च्या राखायच्या असणार, दुसरं काय! शिंप्याची पोर मागे. मी लेकीला हे सांगितलंच नाही. का बसावं तिने मागे? मखमल मागच्या रांगेतून कुणाला दिसणार?

५ फेब्रुवारी

उद्या पदवीदान. झग्यांना इस्त्री झाली. वसतिगृहाच्या मुली लाल टाक्याच्या टोप्या न्यायला आल्या होत्या. एकेक घालून बघत होत्या आणि बोटाने वरून टकटक करत होत्या. चष्मेवाली वन्संना म्हणाली, "आत्या, मारून बघा ना." वन्संनी तिच्या डोक्यावर लाटणं हाणलं आणि सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले. घरात किती दिवसांनी हसण्याचा आवाज झाला.

लेकीची टोपी मी पिशवीत वेगळी ठेवलीय. नवस बोलले आहे: सगळं नीट पार पडू दे, वर्षभर एक वेळ जेवीन.

८ फेब्रुवारी

दवाखान्यात बसून लिहिते आहे. लिहिलं नाही तर ओरडेन.

परवा मी पोशाखाच्या खोलीत होते, पट्ट्यांना टाचण्या लावायला. खोलीची खिडकी मंडपावर उघडते. लेक पहिल्या रांगेत बसली होती. मंडपात जाताना ती आमच्या खोलीपाशी आली आणि मी तिच्या डोक्यावर टोपी ठेवली, तेव्हा तिने हात वर नेऊन ती चाचपली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, मखमल हाताला लागली. मग रांगेत चष्मेवाली तिला दुसरी कसलीशी टोपी देत होती. लेकीने मान वळवून खिडकीकडे, माझ्याकडे बघितलं आणि मैत्रिणीला नको म्हणाली. मी हाताने खूण केली, गोंडा उजवीकडे घे. पदवी मिळेपर्यंत गोंडा उजवीकडे लागतो. तिने घेतला.

तिला पुकारलं. ती व्यासपीठावर गेली, पण पदवीला हात लावला नाही. ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून त्या गेलेल्या मुलीचं नाव घेतलं, मोठ्याने. खाली वसतिगृहाच्या मुली उभ्या राहिल्या आणि त्यांनी तेच नाव घेतलं. मग सगळ्यांनी एकदम हनुवटीखाली फिती बांधल्या. खरं सांगते, मला वाटलं, वारा सुटलाय.

दोन्ही बाजूंनी पोलिस आत आले. लेक खाली उतरून मैत्रिणींच्या पुढे उभी राहिली होती. काठ्या वर गेल्या.

आणि आवाज सुरू झाला. खण्ण. खण्ण. काठी पडली की डबा पडावा तसा. मंडपभर डबे पडत होते. पोलिस चमकून काठीकडे बघत होते. मुली पडत होत्या, उठत होत्या. एका शिपायाने एकीला झग्याला धरून ओढली. ती डोकं खाली घालून त्याच्यावर गेली आणि टोपीच्या कोपऱ्याने त्याचा गाल कानापर्यंत उघडला. मी दुमडलेली कड ती. त्याचे दात दिसले मला बाहेरून. तोही कुणाचा तरी असेल. तो खाली बसून गालाचे दोन भाग हाताने धरत होता आणि त्याच्यावरून बाकीचे धावत होते. खुर्च्या मोडत होत्या. कुणाचं तरी बोट बुटाखाली गेलं. पोशाखसाहेब हात वर करून "पोरी आहेत, पोरी आहेत" म्हणत होते, त्यांनाही तोंडावर बसली.

त्या सगळ्यात एक आवाज वेगळा आला. खण्ण नाही. ओल्या मातीत खुंटा ठोकावा तसा.

मला टोपी बघायची गरज नव्हती. त्या आवाजाची टोपी एकच होती.

हे माझ्या मागेच उभे होते, झगे मोजायला आणलेला गज हातात. मला ढकलून खिडकीतून उडी मारली ह्यांनी. ह्या वयात. सरळ लेकीला मारणाऱ्या फौजदारावर गेले आणि पितळी टोकाने मारत सुटले, तोंडाने "माझी आहे, माझी आहे ती" म्हणत. फौजदार पडला. मग चौघांनी ह्यांचा उजवा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून मोडला. मोडल्याचा आवाज मला ऐकू आला, ह्यांचा नाही. हे ओरडलेच नाहीत.

९ फेब्रुवारी

लेक शुद्धीवर नाही. डोक्याचं हाड आत गेलं होतं, ते काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "डोक्यावर काही असतं तर..."

काही होतं हो. मखमल होती.

१३ फेब्रुवारी

चष्मेवाली आली. गळ्यात हात अडकवलेला, एक डोळा बंद. पिशवीतून तिची टोपी काढली. पाट मधोमध खचून द्रोणासारखा झालाय. "काकू, बघा. हे माझ्या डोक्यावर बसलं असतं. आमच्यातल्या सगळ्या वाचल्या, तुमच्यामुळे." तिने वाकून माझे पाय धरले. मी पाय ओढून घेतले.

मग म्हणाली, "तिचीच टोपी कशी हो फुटली? सैल दिसली म्हणून मी जादाची देत होते, नको म्हणाली. पत्रा निखळला असेल का?"

मी "हो" म्हटलं.

देवाशी बोलले नाही आज. काय बोलायचं? त्यानेच सुचवलं असं मी इथेच लिहून ठेवलंय.

१६ फेब्रुवारी

हे जामिनावर सुटून घरी आले. हात गळ्यात. खटला होणार. विद्यापीठाचं काम गेलं, ते जाणारच होतं. खुर्चीत बसले आणि विचारलं, "पत्रा कशासाठी होता, ते तुला माहीत होतं?"

"नाही."

"मग तिच्या टोपीत का नव्हता?"

सांगितलं. चोळीचं, पुठ्ठ्याचं, तेलाच्या घागरीच्या चित्राचं, सगळं. पोशाखसाहेबांचा निरोप गिळला तेही सांगितलं. आणि उभी राहिले. मारावं असंच वाटत होतं मला.

हे उठलेच नाहीत. वन्सं आतून आल्या आणि ह्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. "मार की! थांबलास का? उजवा मोडला म्हणून? डावा आहे ना! इतकी वर्षं तुझी पोर घरात काठी खाऊन तयार झाली, म्हणून तिथे उभी राहिली. बाहेरच्यांना कसले दोष देतोस!"

हे तोंडावर डावा हात घेऊन रडले. मी पाणी आणून दिलं. त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं नाही. लिहून ठेवते, कारण असं आजवर कधी वाटलं नव्हतं.

२२ फेब्रुवारी

लेक बोलली. कालपासून डोळे उघडे होते, आज शब्द फुटला. डावा हात उचलत नाही. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढचं सांगता येत नाही. शब्द सावकाश येतात, दगडावरून पाय ठेवत ओढा ओलांडावा तसे.

"आई. माझी टोपी?"

पिशवीतच होती. मखमल धुतली नव्हती. तिच्या उजव्या हातात दिली. मी कधीचं पाठ करून ठेवलं होतं ते सांगायला लागले, की बाळा, त्यात पत्रा नव्हता, मी वेड्यासारखा नवा पुठ्ठा—

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. तू ठेवलीस ना डोक्यावर, तेव्हाच कळलं." टोपी तळहातावर तोलली. "हलकी होती."

"अगं, मग बदलायचीस! चष्मेवाली देत होती ना दुसरी?"

"हो. तिच्याकडे जादा होती."

"मग?"

तिने मखमलीवरून अंगठा फिरवला. किती वेळ फिरवत होती. मला वाटलं, झोप लागली.

"तू खिडकीत उभी होतीस," म्हणाली. "बघत होतीस, कशी दिसते ते."